ज्याचं त्याचं पहिलं पान

"मॅडम, बाकी सगळं झकास आहे. फक्त आबा कुठं दिसंनात," जयसिंगराव मगदूम म्हणाले आणि केतकी शिंत्रेने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलंच.

आबा मागच्या खेपेला होते की! वेबसाइटच्या पहिल्या पानावर, अगदी वर, फेटा बांधून. तेव्हा जयसिंगरावांची बहीण शरयू म्हणाली होती, आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकाला आपले वडील दाखवून काय करायचंय, सौर पंप दाखवा. म्हणून आबा काढले आणि सौर पंप आला. मग धाकटा यशोधन म्हणाला, शेतीचं पुरे झालं, फ्लॅटमधल्या लोकांना शॉवरला जोर पाहिजे असतो, घरगुती पंप वर घ्या. तो वर घेतला तसा सौर पंप खाली सरकला, आणि ते बघून शरयूताई मीटिंगमधून उठून गेल्या. आज परत आबा.

"साहेब, आबांना काढायचं मागच्या वेळी तुमच्यासमोरच ठरलं होतं," केतकी म्हणाली.

"ठरलं नव्हतं. हिनं सांगितलं आणि तुम्ही ऐकलं."

"दादा, परत सुरू करू नकोस," शरयूताई म्हणाल्या.

"मी काय सुरू केलं? मी आबा कुठं आहेत एवढंच विचारलं!"

टेबलाच्या टोकाला तिघांची आई, आक्का, बसल्या होत्या. दिनमणी पंप्सच्या अध्यक्ष त्याच, शेवटची सही त्यांची. मुलांचा आवाज चढला की त्या खिडकीबाहेर बघायच्या. बाहेर नवीकोरी शेड उभी होती. आबांनी शिरोलीत लोखंड ओतायच्या एका भट्टीवर हा कारखाना उभा केला, शेवटी शेवटी ही शेड बांधली आणि ते गेले. शेडमध्ये काय घालायचं यावर भावंडांचं एकमत होईना, म्हणून ती तेव्हापासून रिकामी. वेबसाइट मात्र लांबवता येत नव्हती. दिवाळीनंतर केनियाची मंडळी कारखाना बघायला यायची होती, आणि जुन्या साइटवर अजून आबांचा बंद पडलेला फोन नंबर होता.

साइट बांधण्याआधी ती कशी दिसेल याचं चित्र गिऱ्हाइकाला दाखवतात, घर बांधण्याआधी नकाशा दाखवतात तसं. त्याला मॉकअप म्हणायचं. केतकी या धंद्यात आली तेव्हा एक मॉकअप काढायला आठवडा जायचा. आता यंत्राला सांगितलं की चहा निवायच्या आत पाच तयार, आणि त्यातला एक निवडला की पुढची साइटही यंत्रच बांधायचं. माणसाला काम उरलं होतं ते एवढंच, की गिऱ्हाइकाच्या तोंडून 'हो' काढायचं. ते मात्र कुठल्याही यंत्राला जमत नव्हतं.

"मी सोडते हे काम," राजारामपुरीतल्या स्टुडिओत परत आल्यावर ती निनादला म्हणाली. निनाद तिचा नवरा आणि धंद्यातला भागीदार. गिऱ्हाइकं आणायची त्याने, डिझाइन सांभाळायचं तिने. "त्या तिघांना एकाच भिंतीवर तीन कॅलेंडरं लावायचीत आणि खिळा एकच आहे. मला नाही जमत."

"सोडू नकोस. आधी हे बघ."

भिंतीवर एक काळाभोर पडदा लावलेला होता, दाराएवढा रुंद. वरच्या काठात बारीक कॅमेऱ्यांची ओळ. हैदराबादच्या एका नव्या कंपनीने तो चाचणीसाठी दिला होता. नाव रुचिपट.

निनादने समजावून सांगितलं. माणसाला आवडीचं काही दिसलं की डोळ्यातली बाहुली त्याच्याही नकळत मोठी होते, नजर तिथे रेंगाळते. नावडतं दिसलं की नजर निसटते. हे कॅमेरे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी प्रत्येकाच्या बाहुल्या टिपतात. यंत्र चित्रात क्षणाक्षणाला किंचित बदल करतं आणि बाहुली जिकडे मोठी होईल तिकडे चित्र हळूहळू ढकलत नेतं. माणूस भिडेखातर मान हलवतो, हट्टाने नाही म्हणतो. बाहुलीला भीड नसते आणि हट्टही नसतो.

"पण बघणारे चौघं असले तर?"

"मध्य काढतं. सगळ्यांना चालेल असा."

"मग त्यात माझं डिझाइन किती उरणार?"

"त्यांना आवडेल तेवढं. आत्ता तरी कुठं उरतंय?"

दिनमणीचे सगळे फोटो, जुनी पत्रकं, आतापर्यंत नाकारलेले सगळे मॉकअप केतकीने रुचिपटात भरले.

पुढच्या मीटिंगला आक्का काळा चष्मा लावून आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. खोलीतला उजेड कमी केला, पडदा सुरू झाला. आधी करडे चौकोन दिसले, मग त्यात रंग भरत गेले, अक्षरं सरकली, चित्रं विरली, नवी उमटली. बघता बघता केतकी खुर्चीतून पुढे झुकली. पडद्यावर तिचा अगदी पहिला मॉकअप तयार होत होता. गडद निळं पान, मधोमध वर उसळलेली पाण्याची एकच धार आणि बाकी मोकळी जागा. "एवढी जागा वाया कशाला घालवली?" असं म्हणून तिघांनी जो पहिल्याच दिवशी उडवून लावला होता, तोच.

"हे!" जयसिंगराव म्हणाले. "हे बघा, हे पाहिजे होतं मला."

"किती स्वच्छ," शरयूताई म्हणाल्या.

यशोधन आधी मोठ्या भावाकडे बघतच राहिला. "दादा, तुला खरंच चालतंय हे?"

"चालतंय काय, पळतंय! आणि शेडमध्ये पण हेच घालायचं. पहिल्या पानावर आलं म्हणजे ठरलं."

"मला मान्य आहे," शरयूताई म्हणाल्या.

"मला तर केव्हापासून," यशोधन म्हणाला.

कित्येक वर्षांनी तिघं भावंडं एकत्र जेवायला गेली. जाताना जयसिंगरावांनी बहिणीच्या खांद्यावर हात टाकलेला केतकीने बघितला. आक्का मागे राहिल्या होत्या. त्यांनी केतकीचा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला, आणि मग त्या मुलांच्या मागे गेल्या.

त्या आठवड्यात केतकी हवेत होती. निनादवर खेकसायची ती थांबली. कळंब्याला त्यांनी फ्लॅट घेतला होता आणि आतल्या भिंती कुठे घ्यायच्या ते बिल्डरला कळवायचं राहिलं होतं. तिसऱ्या खोलीचा विषय निघाला की दोघंही तो टाळायची. एका दुपारी निनादने तो नकाशाच रुचिपटावर लावला. दोघं शेजारी शेजारी बसून बघत राहिली.

"तिसरी खोली अशीच हवी," केतकी म्हणाली.

"अगदी अशीच," निनाद म्हणाला. आणि त्याच दिवशी बिल्डरला 'ठरलं' म्हणून कळवून टाकलं.

मग फोन सुरू झाले.

पहिला जयसिंगरावांचा. "मॅडम, त्या पानावर आबा भट्टीपाशी उभे आहेत ना, तिथं शेडमधली नवी भट्टी पण दाखवा. ऑर्डर देऊन टाकली आज."

"आबा?" केतकी म्हणाली. "साहेब, त्या पानावर आबा नाहीत."

"काय ओ मॅडम, चेष्टा करता होय!" ते हसले आणि फोन ठेवला.

मग शरयूताई. सौर पंपांच्या जुळणीची यंत्रं निघालीत, शेडमध्ये बसली की फोटो पाठवते, पानावर डावीकडे सौर पट्ट्यांची रांग आहे तिथे तो टाका. केतकीच्या पानावर डावीकडे मोकळी जागा होती. ती ताईंना समजावत होती तेवढ्यात यशोधनचा मेसेज आला. शॉवरखालचं ते हसणारं पोरगं लई भारी आहे, त्याला जरा मोठं करा.

"कसलं पोरगं?" केतकी मोबाइलवर ओरडली. मोबाइल काय बोलणार! तिने तो टेबलावर उपडा घातला आणि निनादसमोर जाऊन उभी राहिली.

"तो पडदा मध्य काढत नाही. हो ना?"

निनादने पेन्सिलीला टोक करायला घेतलं. मग म्हणाला, "लहानपणी जत्रेत रेघारेघांची चित्रं मिळायची बघ. सरळ धरली की गणपती, जरा कलती केली की शंकर."

"म्हणजे?"

"पडद्यावर डोळ्यांना न दिसणारी लाखो भिंगं आहेत. साध्या पडद्याचा ठिपका चहूकडे एकाच रंगाचा उजेड फेकतो. याचा प्रत्येक ठिपका प्रत्येक दिशेला वेगळा उजेड फेकतो. कॅमेऱ्याला कळतं कोणाचे डोळे कुठे आहेत. म्हणून ज्याला त्याला त्याचं त्याचं पान दिसतं."

"आणि हे तुला माहीत होतं."

"तुला सांगितलं असतं तर तू तो पडदा लावू दिला असतास का? अगं, सगळे खूश आहेत. साइटसुद्धा तशीच करता येते. आता सगळ्यांच्या फोनमध्ये डोळे टिपणारे कॅमेरे आहेत. जो उघडेल त्याला त्याच्या आवडीची साइट दिसेल. भांडण मिटलं. तूसुद्धा खूशच होतीस ना? तुला काय दिसलं होतं?"

केतकीला तिचंच पान दिसलं होतं, आणि तिघांनी शेवटी आपलं ऐकलं म्हणून ती आठवडाभर मिरवत होती. ती काहीतरी तोडून टाकणारं बोलणार होती, पण बोलता बोलता दुसरंच आठवलं.

"निनाद, तिसरी खोली. तुला काय दिसलं होतं?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"मला उत्तरेची खिडकी दिसली. लांब टेबल. आणि बंद होणारं दार. माझी कामाची खोली. तुला?"

"आईची कॉट," तो म्हणाला. "भिंतीला धरायला दांडी. गडहिंग्लजला एकटी किती दिवस राहणार ती?"

"आणि मला काय दिसतंय ते माहीत नसताना, दोघांना एकच दिसत नाहीये हे माहीत असताना, तू 'अगदी अशीच' म्हणालास."

"तू पण 'हो' म्हणालीस ना! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला ते मोडवेना."

केतकीने पर्स उचलली आणि स्कूटर काढून थेट शिरोलीला गेली.

आक्का ऑफिसात एकट्याच होत्या, काळ्या चष्म्यात, चहा पीत. केतकीने सगळं सांगितलं. आक्कांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"मला त्या दिवशी नुसते करडे चौकोन दिसले. शेवटपर्यंत. आधी वाटलं, ऑपरेशन बिघडलं. मग तुझ्याकडं बघितलं तर तू नीट दिसत होतीस."

काळ्या काचांमधून यंत्राला त्यांच्या बाहुल्या सापडल्याच नव्हत्या, आणि ज्याचे डोळे सापडत नाहीत त्याच्यापुढे चित्राचा नुसता सांगाडा राहतो, हे केतकीच्या आत्ता लक्षात आलं.

"मग तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत, आक्का?" तिचा आवाज तिला नको होता तेवढा चढला.

"कशी बोलू? तिघं एकदम 'हो' म्हणाली. आबा गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. थोडे दिवस ऐकावंसं वाटलं." त्यांनी कप खाली ठेवला. "तुझा नवरा म्हणतो तशी करता येते ना साइट? ज्याला त्याला त्याची? कर मग. मी सही करते."

केतकीला वाटलं, करावी. सही घ्यावी आणि मोकळं व्हावं. कुणाला काही कळणार नाही. आबांच्या कंपनीचं रडगाणं आपण का गात बसायचं?

"आक्का, शेडमध्ये काय बसतंय ते तुम्हाला माहीत आहे?" तिने विचारलं.

"जयसिंग भट्टी म्हणाला."

"शरयूताईंनी सौर पंपांची यंत्रं मागवलीत. त्याच शेडसाठी. आज वाटेत आहेत ती. यशोधन सर काय मागवतायत कोण जाणे."

आक्कांनी खिडकीकडे तोंड वळवलं. बाहेर ऊन होतं आणि शेडचे पत्रे चमकत होते. मग त्या म्हणाल्या, "उद्या तिघांना बोलावते. तू तो पडदा आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी केतकीने टेबलावर कागद पसरला. मोठा, टेबलभर, साधा छापलेला कागद. तो गुंडाळू लागला म्हणून यशोधनने चारी कोपऱ्यांवर पंपाचे ओतीव पंखे ठेवले. कागदावर निळं पान होतं, पाण्याची धार होती, मोकळी जागा होती.

"हे काय?" जयसिंगराव म्हणाले. "आबा काढले परत?"

"सौर पट्ट्या कुठे आहेत?"

"पोरगं कुठाय?"

मग केतकीने पडद्याचं सांगितलं, भिंगांचं सांगितलं. ती अर्ध्यावर असतानाच आरडाओरडा सुरू झाला. जयसिंगराव म्हणाले, ही फसवणूक आहे. यशोधन म्हणाला, कोर्टात खेचतो. शरयूताईंनी शेडमधल्या भट्टीवरून मोठ्या भावाला धारेवर धरलं. आवारात उभ्या ट्रकचा ड्रायव्हर माल कुठे उतरवायचा म्हणून दोनदा डोकावून गेला आणि तिघांनी त्याला तीन वेगवेगळी उत्तरं दिली. केतकी कपाळ धरून बसली. आपण हे का केलं, हे तिचं तिलाच सांगता येईना.

"गप बसा," आक्का म्हणाल्या. मोठ्याने नाही. "जयसिंग, तुला त्या पडद्यावर काय दिसलं ते सांग."

"आता त्याला काय अर्थ आहे?"

"सांग म्हणते ना."

जयसिंगराव नाइलाजाने बोलू लागले. आबा भट्टीपाशी उभे होते. धोतर खोचलेलं. मागे लोखंडाचा रस ओतताना उडणाऱ्या ठिणग्या. आणि शेजारी ते स्वतः, शाळेच्या चड्डीत.

शरयूताईंनी सौर पट्ट्यांची रांग सांगितली, लाल माती सांगितली. मग थांबल्या. "आणि कोपऱ्यात आबा. लहानसे. बाह्या दुमडून पंप उघडताहेत."

"तुझ्या पानावर आबा?" जयसिंगराव एकदम म्हणाले. "तूच त्यांना काढायला लावलंस!"

"फेट्यातल्या आबांना काढायला लावलं, दादा. ते कधी रे फेटा बांधायचे? फोटोवाला आला तरच. माझे आबा हातभर ग्रीसमध्ये असायचे."

यशोधनने घसा साफ केला. "मला आबा दिसले नाहीत," तो म्हणाला. "मला नुसतं पाणी दिसलं आणि ते पोरगं. दादा, खरं सांगू का? मला ना शेती पंप करायचेत, ना सौर. माझं मला वेगळं काढायचंय. कधी बोलायला मिळालंच नाही."

त्यानंतर ते संध्याकाळपर्यंत भांडले. पण आता केतकीकडे बघून नाही, आईकडे बघूनही नाही. एकमेकांकडे बघून.

सगळं गोड झालं असं नाही. शेड शरयूताईंकडे गेली. जयसिंगरावांच्या भट्टीची ऑर्डर मोठ्या मिनतवारीने रद्द करावी लागली आणि ते महिनाभर बहिणीशी कामापुरतंच बोलले. यशोधनने गोकुळ शिरगावला आपला वेगळा कारखाना काढला आणि दिवाळीच्या जेवणाला तो आलाच नाही. आक्कांना ते लागलं. केतकीला त्यांनी तसं सांगितलंही, सरळ तोंडावर, आणि तरीही पुढच्या वर्षीचं काम तिलाच दिलं. साइट उघडली तेव्हा तिच्यावर बाह्या दुमडलेले आबा होते, सौर पट्ट्या होत्या, आणि जयसिंगरावांच्या हट्टापायी चौकशीसाठी एक भलंमोठं तांबडं बटण होतं. केनियाच्या मंडळींनी तेच आधी दाबलं. केतकीला ते पान अजिबात आवडलं नाही. आपल्या कामांच्या नमुन्यांत तिने ते लावलं नाही.

रुचिपट निनादने हैदराबादला परत पाठवला. त्यावरून दोघांत पुन्हा वाजलं, कारण बाकीची गिऱ्हाइकं तोच पडदा मागत होती आणि शेजारच्या स्टुडिओने तो लावलाही. कामं तिकडे जाऊ लागली. निनाद तसं बोलून दाखवायचा, केतकी ऐकून घ्यायची. कधी कधी ऐकून घ्यायची नाही.

बिल्डरला कळवलेलं 'ठरलं' दोघांनी मागे घेतलं होतं. एका रविवारी सकाळी दोघं कळंब्याच्या फ्लॅटवर गेली. गवंडी आधीच आला होता, मारुती कांबळे. वाळू, विटा, पाण्याचं पिंप. फरश्या अजून बसायच्या होत्या.

"ताई, तिसऱ्या खोलीची भिंत कुठं घ्यायची?" त्याने विचारलं.

"थांबा," केतकी म्हणाली. तिने विटेचा एक तुकडा उचलला आणि जमिनीवर रेघ ओढली. "माझं टेबल इथे. एवढी जागा मला लागतेच."

निनादने तिच्या हातातून तुकडा घेतला. "मग कॉट कुठं बसणार? आईला उठून जायला वाट पाहिजे." त्याने अलीकडे दुसरी रेघ ओढली.

"खिडकी तुझ्या बाजूला गेली मग!"

"खिडकी तिला नको का?"

"नको असं कोण म्हणालं? विचारलंस तिला? ती यायला तयार तरी आहे का?"

"नाही विचारलं," निनाद म्हणाला.

"काढ फोन."

त्याने फोन काढला. केतकीने चपलेने पहिली रेघ पुसली आणि जरा सरकवून पुन्हा ओढली. मारुती दोघांकडे बघत उभा होता. हातातली थापी त्याने पिंपावर ठेवली.

"चालू द्या तुमचं," तो म्हणाला. "मी तोवर चहा घेऊन येतो."